टोपीवर लिहिलेलं गाव

आमच्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जा, दारामागच्या खुंटीवर एखादी तरी टोपी लटकलेली दिसेलच. त्यातल्या निम्म्या टोप्यांवर 'एन' आणि 'वाय' ही दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच टोप्यांवर 'एल' आणि 'ए'. मालकाला विचारलं, "हे काय आहे रे?" की उत्तर ठरलेलं : "न्यूयॉर्क. ब्रँड आहे." एकाने तर 'न्यू इयर' असंही सांगितलं. (खरंच!) मित्रहो, हा ब्रँड वगैरे काही नाही. ती एका बेसबॉल टीमची टोपी आहे. बोस्टनच्या मैदानात ती घालून बसलात तर आजूबाजूचे लोक तुम्हाला शांतपणे मॅच बघू देणार नाहीत.

हा लेख त्या टोपीबद्दल आहे. आपल्याकडे बेसबॉल फारसं कुणी बघत नाही, आणि मी इथे नियम शिकवत बसणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की बोलरला पिचर म्हणतात, स्टंप नसतात, आणि बॅटरने चार कोपऱ्यांच्या चौकोनाला फेरी मारून पुन्हा घरी पोचलं की एक रन. मॅच नऊ इनिंग्जची. सर्वांत वरच्या पातळीवर ३० टीम्स आहेत आणि प्रत्येक टीम एका सीझनमध्ये १६२ मॅचेस खेळते. म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोजच मॅच! आता जी गोष्ट रोज होते ती अंगवळणी पडते, आणि तिथल्या लोकांच्या डोक्यावर टोपी अशीच अंगवळणी पडलेली आहे.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत नोकरी करतो. तो मेट्स या टीमचा भक्त. त्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ यांकीजचा. दोन्ही टीम्स न्यूयॉर्कच्याच. दादा सांगतो की त्यांचं भांडण खेळावरून कमी आणि टोपीवरून जास्त होतं. कुणाचं डिझाइन चांगलं, कुणी कुणाची अक्षरं ढापली, नवा रंग का आणला, जुना का सोडला. मला हे आधी पोरकट वाटायचं. आपण कधी भारताच्या क्रिकेट टोपीच्या निळ्या छटेवरून तासभर भांडलोय का? पण दादा एकदा म्हणाला, "अरे, जर्सीवर खेळाडूचं नाव असतं. तो उद्या दुसऱ्या टीमला विकला जातो. टोपीवर फक्त गाव असतं." हे वाक्य डोक्यात बसलं आणि मग मी या विषयात घुसलो.

सुरुवात त्या 'एन-वाय'पासूनच करू. १८७७ साली न्यूयॉर्कच्या टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्यांनी शहराच्या पोलिसांसाठी एक शौर्यपदक घडवलं. कर्तव्यावर असताना गोळी लागलेल्या जॉन मॅकडॉवेल नावाच्या पोलिसाला ते दिलं गेलं. त्या पदकावर ही दोन अक्षरं अशीच गुंफलेली होती. पुढे न्यूयॉर्कच्या एका बेसबॉल टीमच्या दोन मालकांपैकी एक होता बिल डेव्हरी, पोलीस खात्याचा माजी प्रमुख. १९०९ मध्ये तीच अक्षरं टीमच्या टोपीवर आणि बाहीवर आली. ती डेव्हरीमुळेच आली असं सगळे धरून चालतात. टीमचं नाव तेव्हा हायलँडर्स होतं, थोड्याच वर्षांत ते यांकीज झालं. तर खुंटीवर लटकतंय ते मूळचं पोलीस पदक आहे. रात्री अकरानंतर भिंतीवरून उडी मारताना ही टोपी घालणाऱ्यांनी विचार करावा.

त्यातली आणखी एक गंमत. यांकीजच्या टोपीवरचं 'एन-वाय' आणि त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवरचं 'एन-वाय' सारखं नाही! अक्षरांचं वळण वेगळं आहे. छापील कागदपत्रांवर वापरतात ते तिसरंच. इतकी वर्षं झाली, कुणी ते एकसारखं करत नाही आणि चाहत्यांनाही ते करायला नको आहे. डेट्रॉइटच्या टायगर्स टीमचंही असंच होतं. टोपीवरचा जुन्या वळणाचा 'डी' वेगळा, शर्टवरचा वेगळा. २०१८ मध्ये टीमने शर्टवरचा 'डी' बदलून टोपीसारखा केला. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर काय चुकलं? एक लोगो, एक ड्रॉइंग, दोन ठिकाणी. स्टँडर्डायझेशन! पण कितीतरी चाहते चिडले. त्यांचं म्हणणं, ती चूक आमची होती, तुम्हाला ती दुरुस्त करायला कुणी सांगितलं?

मुळात ही टोपी आली कुठून? १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर नावाचा क्लब निघाला आणि त्यांनी खेळाचे नियम लिहून काढले. १८४९ मध्ये त्यांनी गणवेश ठरवला : निळी लोकरी पँट, पांढरा फ्लॅनेलचा शर्ट आणि डोक्यावर चक्क गवती हॅट. पळताना गवती हॅटचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. काही वर्षांत लोकरीच्या टोप्या आल्या. १८६० च्या सुमाराला ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर्स क्लबची मुलं गोल माथ्याची आणि पुढे छोटी चोच असलेली टोपी घालत. आजच्या टोपीची पणजी म्हणजे ती. तिच्याबरोबर दुसरीही एक जात होती, पोळ्यांच्या डब्यासारखी सपाट माथ्याची आणि आडव्या पट्ट्यांची. ती नंतर मागे पडली. पण तिची गोष्ट पुढे येणार आहे.

टोपीवर चित्र काढायची कल्पना डेट्रॉइटची. १९०१ साली त्यांनी टोपीवर पळणारा छोटा वाघ लावला. टीमचं नावच टायगर्स, मग वाघ टोपीवर का नको? आज हे अगदी साधं वाटतं, पण त्याआधी कुणाला सुचलं नव्हतं.

खेळाच्या जन्माची अमेरिकेतली अधिकृत कथा मात्र खोटी आहे बरं का. १९०७ मध्ये एका समितीने जाहीर केलं की १८३९ साली कूपर्सटाउन या गावी ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने बेसबॉलचा शोध लावला. डबलडे पुढे जनरल झाला, यादवी युद्धात लढला, पण १८३९ मध्ये तो लष्करी अकादमीत कॅडेट होता, आणि बेसबॉलचा शोध लावल्याचं स्वतः तो कधी बोलला नाही. खेळ इंग्लंडमधल्या मुलांच्या जुन्या चेंडूफळीतून हळूहळू घडत आला. शाळेत आमच्या इंग्रजीच्या मिसने जेन ऑस्टेनची 'नॉर्थँगर ॲबी' वाचायला लावली होती. १८१७ च्या अखेरीस आलेल्या त्या कादंबरीतली नायिका लहानपणी क्रिकेट आणि बेसबॉल खेळते! तेव्हा डबलडे जन्मलाही नव्हता. तरी १९३९ मध्ये बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं संग्रहालय, त्या कूपर्सटाउनलाच उघडलं. दंतकथा एकदा गावाला चिकटली की निघत नाही, हे आपल्यालाही नवीन नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. (मेकॅनिकलवाल्यांनी झोपू नये.) आजची टोपी सहा कळ्यांची असते, छत्रीसारख्या त्रिकोणी. त्या वर एका बिंदूत मिळतात आणि तिथली शिलाई झाकायला एक गोल बटण बसवतात. प्रत्येक कळीला हवेसाठी एक भोक. पुढच्या दोन कळ्यांच्या आतून बक्रम लावतात, शिंपी शर्टच्या कॉलरला लावतो तोच प्रकार. कपाळावरचा भाग ताठ उभा राहतो तो यामुळे आणि लोगो नीट दिसतो तोही यामुळे. जुने फोटो बघा, १९२०-३० मधल्या टोप्या डोक्यावर अगदी चपटलेल्या दिसतात. पुढचा भाग उंच आणि ताठ झाला तो नंतर, आणि मग लोगोही मोठे झाले. चोचीच्या खालची बाजू बरीच वर्षं हिरवी असायची, डोळ्यांवर प्रकाश चमकू नये म्हणून. नंतर ती राखाडी झाली आणि २००७ पासून काळी. त्याच वर्षी लोकर जाऊन पॉलिएस्टर आलं. लोकर घामाने आटते, पॉलिएस्टर घाम बाहेर टाकतं. खेळाडूंची सोय झाली. जुने चाहते अजून म्हणतात की लोकरीची सर नाही.

या टोप्या बनवणारी न्यू एरा कंपनी १९२० साली बफेलो शहरात एका जर्मन स्थलांतरिताने, एरहार्ट कोखने, सुरू केली. १९३४ मध्ये त्यांनी क्लीव्हलंडच्या टीमसाठी पहिल्यांदा व्यावसायिक बेसबॉलची टोपी शिवली. १९९३ पासून सगळ्याच टीम्स मैदानात त्यांचीच टोपी घालतात. मागे पट्टा नसलेली, डोक्याच्या मापाची टोपी त्यांनी १९५४ मध्ये काढली. तिच्या मापाचं गणित मला फार आवडतं. टोपीच्या आत ७, ७ १/८, ७ १/४, ७ ३/८ असे आकडे असतात. हे काय आहेत? इंच, पण घेराचे नाहीत. सात इंच घेर मांजराच्या डोक्याचा असेल. हा आहे व्यास! डोकं पूर्ण वर्तुळ असतं तर त्याचा जो व्यास आला असता तो. टेप गुंडाळा, इंचात घेर मोजा आणि पायने भागा. ७ ३/८ ला पायने गुणलं की सुमारे २३.२ इंच, म्हणजे जवळपास ५९ सेंटिमीटर. आणि पुढचं ऐका : लागोपाठच्या दोन मापांत व्यासाचा फरक १/८ इंच, म्हणून घेराचा फरक पाय भागिले आठ, ०.३९ इंच, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक सेंटिमीटर. इंचवाल्या आणि सेंटिमीटरवाल्या देशांचं एवढं एका गोष्टीत तरी जमलं.

टोपी मुळात उन्हासाठी. उंच उडालेला चेंडू सूर्यात हरवतो आणि कॅच सुटतो. पण १९३५ मध्ये सिनसिनाटीला या वरच्या पातळीवरची पहिली मॅच दिव्यांच्या उजेडात झाली आणि हळूहळू सगळीकडे रात्रीचं खेळणं सुरू झालं. (शिकागोच्या रिग्ली फील्डने मात्र १९८८ पर्यंत दिवे लावले नाहीत.) रात्री साडेआठला सूर्य कुठला? तरी टोपी राहिली. तोपर्यंत ती उन्हाची वस्तू उरलीच नव्हती.

डोकं वाचवायचं काम मात्र टोपीला कधीच जमलं नाही, आणि त्याची किंमत रे चॅपमनने मोजली. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीजच्या कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या चॅपमनच्या डोक्याला लागला. डोक्यावर फक्त कापडी टोपी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. पिचरच्या चेंडूने मैदानावर जीव गेलेला या पातळीवरचा तो एकच खेळाडू. यानंतर लगेच हेल्मेट आलं असेल असं वाटतं ना? नाही. १९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या पायरेट्स टीमचा प्रमुख ब्रँच रिकीने आपल्या खेळाडूंना फायबरग्लासची टोपी घालायला लावली. सर्वांना सक्ती झाली ती १९७१ मध्ये, म्हणजे चॅपमननंतर ५१ वर्षांनी. तेव्हाही आधीपासून खेळणाऱ्यांना सूट होती, आणि बोस्टनचा बॉब माँटगोमेरी १९७९ पर्यंत बॅटिंगला हेल्मेटशिवाय, टोपी घालूनच उतरत होता. आपले नरी कॉन्ट्रॅक्टर १९६२ मध्ये बार्बाडोसला चेंडू लागून मरता मरता वाचले, आणि त्यानंतरही क्रिकेटमध्ये हेल्मेट यायला दीड दशक लागलंच. बेसबॉलचं हेल्मेट नीट बघा, आजही ते टोपीच्याच आकाराचं आहे. पुढे चोच, कपाळावर लोगो. घट्ट प्लास्टिकची टोपीच ती.

हा ब्रँच रिकी म्हणजे तोच, ज्याने १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिन डॉजर्सची 'बी' लिहिलेली टोपी दिली. त्याआधी साठ वर्षं या पातळीवर एकाही काळ्या खेळाडूला घेत नव्हते. काळ्या खेळाडूंच्या स्वतःच्या वेगळ्या लीग्ज होत्या, त्यातली पहिली टिकाऊ लीग १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत उभी केली. होमस्टेड ग्रेज, कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा टीम्सच्या टोप्या आता हौसेने विकत घेतल्या जातात. त्या लीग्जना 'मेजर' दर्जा मात्र २०२० च्या डिसेंबरमध्ये मिळाला, आणि आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले ते २०२४ मध्ये. त्यावर होमस्टेड ग्रेजचा जॉश गिब्सन हा .३७२ च्या सरासरीने सार्वकालिक यादीत पहिला आला. तोपर्यंत त्याला जाऊन ७७ वर्षं झाली होती. टोपी आधी दुकानात आली, न्याय नंतर आला.

ब्रुकलिनच्या त्या 'बी'चं पुढे काय झालं, इथे दादा आणि त्याच्या शेजाऱ्याचं भांडण खरं सुरू होतं. डॉजर्सनी १९५५ मध्ये ब्रुकलिनला असताना एकमेव विजेतेपद मिळवलं. दोनच वर्षांनी, १९५७ चा सीझन संपल्यावर, मालक वॉल्टर ओमॅलीने टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली. चार-साडेचार हजार किलोमीटर दूर! त्याच वेळी न्यूयॉर्क जायंट्स ही टीम सॅन फ्रान्सिस्कोला गेली. लोक सकाळी उठले तर टीम नाही. १९६० मध्ये ब्रुकलिनचं मैदानही पाडलं. 'बी' जाऊन टोपीवर 'एल-ए' आलं, ते हे तुमच्या खुंटीवरचं. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स ही नवी टीम मिळाली, आणि तिच्या टोपीसाठी निळा रंग घेतला डॉजर्सचा, नारिंगी घेतला जायंट्सचा, आणि 'एन-वाय'चं वळणही जायंट्सचं. म्हणून शेजारी जेव्हा "तुमची अक्षरं आमची नक्कल आहेत" म्हणतो तेव्हा दादा भडकतो. त्याच्या मते मेट्सची टोपी म्हणजे सोडून गेलेल्या दोन टीम्सचं श्राद्ध आहे. मला दादाचं पटतं. शिवाय निळ्यावर नारिंगी दिसतंही छान.

माँट्रियलची गोष्ट याहून कडू. कॅनडातल्या या शहराला १९६९ मध्ये एक्सपोज ही टीम मिळाली. टोपी तीन रंगांची, लाल-पांढरी-निळी, आणि वर एक वळणदार चिन्ह. ते काय आहे यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद. कुणाला 'ई-एल-बी' दिसतं, कुणाला काहीच दिसत नाही. नीट बघितलं तर ते मोठं 'एम' आहे, आणि त्यात लहान 'ई' आणि 'बी' लपलेत : एक्सपोज, माँट्रियल, बेसबॉल. १९९४ मध्ये या टीमने ७४ जिंकल्या, ४० हरल्या, सगळ्या टीम्समध्ये पहिला नंबर. आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप! सीझन तिथेच संपला, अंतिम स्पर्धाही रद्द. नंतर पैशाअभावी टीम मोडत गेली आणि २००५ मध्ये वॉशिंग्टनला हलवली. गाव गेलं, टीम गेली, टोपी मात्र अजूनही खपते.

त्या टोपीवरून भांडण थेट हॉल ऑफ फेममध्येही झालं. तिथे प्रत्येक थोर खेळाडूचं ब्राँझचं मुखशिल्प लावतात, डोक्यावर टोपी. पण जो चार टीम्सकडून खेळला त्याची टोपी कुठली? पूर्वी खेळाडूच्या मर्जीवर बरंच चाले. पुढे संग्रहालयाने शेवटचा निर्णय आपल्या हाती घेतला. २००३ मध्ये गॅरी कार्टरला मेट्सची टोपी हवी होती, त्याला एक्सपोजची दिली. २०१० मध्ये आंद्रे डॉसनला शिकागो कब्जची हवी होती, त्यालाही एक्सपोजची. दोघांनाही आपल्याच शिल्पावरची टोपी निवडता आली नाही. कॅटफिश हंटरने मात्र आधीच, १९८७ मध्ये, दोन्ही टीम्सना दुखवायचं नाही म्हणून कोरी टोपी घेतली. कॅम्पस इंटरव्ह्यूत दोन ऑफर मिळालेल्यांनी हा उपाय लक्षात ठेवावा.

आता निव्वळ दिसण्यावरचे वाद, कारण तेही मजेदार आहेत. मघाशी म्हटलेली पोळ्यांच्या डब्यासारखी टोपी १९७६ मध्ये परत आली. नॅशनल लीगला १०० वर्षं झाली म्हणून काही टीम्सनी ती एक सीझन घातली. पायरेट्सना ती इतकी आवडली की त्यांनी १९८६ पर्यंत सोडली नाही. पिवळे-काळे आडवे पट्टे, आणि त्यावर सोनेरी चांदण्या! टीमचा बुजुर्ग विली स्टार्जेल चांगला खेळ करणाऱ्याला एकेक चांदणी द्यायचा, के.जी.त वहीवर स्टार मिळतो तशी. तगडे तगडे दाढीवाले खेळाडू त्या चांदण्यांसाठी जीव टाकत, आणि १९७९ ला त्यांनी विजेतेपद मिळवलं. याच पायरेट्सनी २००८ मध्ये आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन मुलांना करार दिला. दोघे भालाफेकवाले, लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारे, एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला.

विद्यार्थ्यांनी केलेलं डिझाइन पण आहे. १९७७ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सने लोगोची स्पर्धा जाहीर केली आणि टॉम माइन्डेल नावाच्या विद्यार्थ्याने २००० डॉलर जिंकले. त्याने लहान 'एम' आणि 'बी' असे जोडले की त्यातून चेंडू धरलेला ग्लोव्ह तयार होतो. कित्येक लोकांना वर्षानुवर्षं नुसता ग्लोव्हच दिसला, अक्षरं दिसलीच नाहीत. १९९४ मध्ये टीमने तो लोगो टाकला, चाहते कुरकुरत राहिले, आणि २०२० मध्ये थोडा नीटनेटका करून परत आणला. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या पाद्रेजनी निळा सोडून जुना तपकिरी रंग परत घेतला. तपकिरी! १९७० च्या दशकात त्याची टिंगल व्हायची, पण लोक म्हणाले, निळ्या टोप्या छप्पन्न आहेत, तपकिरी फक्त आमची.

उलट, कंपनीच्या डोक्यातून निघालेलं डिझाइन कधी काय करेल सांगता येत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये न्यू एराने टोप्यांची एक नवी मालिका काढली. आडवं मोठं नाव आणि त्याच्या मधोमध, नावाच्याच वर, टीमचा नेहमीचा लोगो. टेक्सासच्या नावातल्या 'एक्स'वर नेमका मोठा 'टी' बसला आणि जो शब्द तयार झाला तो स्पॅनिशमध्ये असा काही आहे की आपल्या मासिकाचे संपादक तो छापणार नाहीत. टेक्सासमध्ये स्पॅनिश कोणाला येत नाही? टोपी तातडीने दुकानातून काढली. प्रिंट काढण्याआधी एकदा लांबून बघावं, एवढं तर आम्हाला फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगलाही सांगितलं होतं.

एक वाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. क्लीव्हलंडच्या टीमचं नाव १९१५ पासून इंडियन्स होतं. १९४७ मध्ये वॉल्टर गोल्डबॅक नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्यांच्यासाठी एक चेहरा काढला, मोठं नाक, दात विचकलेलं हसू, डोक्यावर पीस. पुढे तो लालभडक झाला आणि त्याला 'चीफ वाहू' म्हणू लागले. मी ही टोपी आपल्या स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर पाहिलेली आहे, 'एन-वाय'च्या शेजारी. तिच्यावरच्या 'इंडियन'शी आपला संबंध एवढाच की कोलंबसाला आपल्याकडे यायचं होतं आणि तो दुसरीकडेच पोचला. ज्यांचा तो चेहरा होता ते अमेरिकेतले मूळ रहिवासी १९७० च्या दशकापासून मैदानाबाहेर उभे राहून सांगत होते की आम्ही असे दिसत नाही. आत जाणारे चाहते म्हणत, आमचा अपमानाचा हेतू नाही, ही माझ्या आजोबांची टोपी आहे.

मी या आजोबांच्या मुद्द्यावर बराच विचार केला, कारण तो खोटा नाही. कुणाचे तरी आजोबा १९४८ ला त्या टीमबरोबर विजेतेपद साजरं करून आले असतील, ती टोपी कपाटात असेल. टीमने नाव बदललं म्हणून ती आठवण खोटी होत नाही. पण आजोबांची आठवण जपायला दुसऱ्याच्या आजोबांचं व्यंगचित्र डोक्यावर घालायचं, हे मला काही पटत नाही. आपल्या गॅदरिंगला एखाद्या प्रांताची किंवा जातीची नक्कल करून हशा मिळवतात, तेव्हाही "हेतू तसा नव्हता" हेच उत्तर मिळतं. हेतू करणाऱ्याला माहीत असतो, चेहरा ज्याचा असतो त्याला नुसता हशा ऐकू येतो.

२०१८ च्या सीझननंतर तो चेहरा टोपीवरून आणि शर्टवरून गेला. ट्रेडमार्क हातचा जाऊ नये म्हणून टीमने थोडा माल विकणं तरीही चालू ठेवलं, हेही लिहायला हवं. २०२२ पासून टीमचं नाव गार्डियन्स आहे. मैदानाजवळच्या १९३२ च्या एका पुलावर आठ प्रचंड दगडी रक्षक कोरलेले आहेत, त्यांच्यावरून. टोपीवर आता साधा 'सी'. काहींना नवं नाव मिळमिळीत वाटतं. मला पुलावरून नाव घेतलेली टीम आवडली, सिव्हिलवाल्यांनाही आवडावी.

ही सगळी गावकी असेल तर आपल्या खुंटीवर 'एन-वाय' आलं कसं? १९९६ मध्ये सिनेदिग्दर्शक स्पाइक लीने न्यू एराला फोन करून लाल रंगाची यांकीजची टोपी मागितली. तोवर अधिकृत टोपी टीमच्या रंगातच मिळे, आणि यांकीजचा रंग गडद निळा. टीमच्या मालकाची परवानगी काढून ती बनली, टीव्हीवर दिसली, आणि लोकांना कळलं की टोपीला टीमची गरज नाही. त्यानंतर गुलाबी, पांढरी, मिलिटरी हिरवी, सगळ्या आल्या. कॉपी करणारेही आले. मग फॅशन स्ट्रीट, मग आपण.

आणि टीमला गावाची गरज नाही हे मालक लोक सिद्ध करतच असतात. ॲथलेटिक्स ही टीम १९०१ ला फिलाडेल्फियाला सुरू झाली. १९०२ मध्ये जॉन मॅग्रॉ नावाच्या प्रतिस्पर्ध्याने टोमणा मारला की हिच्या मालकांनी पांढरा हत्ती पोसायला घेतलाय. मॅनेजर कॉनी मॅकने तो हत्तीच टीमचं चिन्ह करून टाकला! टीम १९५५ ला कॅन्सस सिटीला गेली, १९६८ ला ओकलंडला. २०२३ च्या जूनमध्ये ओकलंडचे हजारो चाहते 'विकून टाक' असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून मालकाला सांगायला एका मॅचला जमले. उपयोग झाला नाही. २०२४ चा सीझन ओकलंडचा शेवटचा ठरला, आणि २०२५ पासून टीम लास व्हेगासचं मैदान बांधून होईपर्यंत सॅक्रामेंटोत खेळू लागली. तिथे ती कुठल्याच शहराचं नाव लावत नाही. नुसती 'ॲथलेटिक्स'. हिरव्या टोपीवरचं अक्षर तेच आहे. ओकलंडमध्ये दोन मित्रांनी उभी केलेली बॉलर्स नावाची छोटी टीम २०२४ पासून रायमोंडी पार्कच्या लहान मैदानावर खेळते, आणि गावातले लोक आता तिच्या मॅचला जातात.